वाड्यांवरचा खोकला आणि सरकारची वही

पेणचे गणपती साऱ्या जगात जातात. गवताच्या पेंढ्यात, कागदात, खोक्यात नीट बसवलेली मूर्ती बोटीने सातासमुद्रापार जाते आणि तिच्या सोंडेचा टवकादेखील उडत नाही. आमचे त्या मूर्तीशी काही देणेघेणे नाही, हे वाचक जाणतातच. परंतु ती घडवणाऱ्या आणि बांधणाऱ्या हातांचे कौतुक आम्हाला आहे, आणि म्हणूनच एक साधा प्रश्न पडतो. जी वस्तू पेणहून अमेरिकेला न फुटता जाऊ शकते तिथूनच, एखाद्या वाडीवरच्या तान्ह्या मुलाच्या नाकातून काढलेला एक बोळा, बोटाएवढ्या नळीत बंद करून, तीस-चाळीस किलोमीटरवरच्या अलिबागला किंवा फार तर मुंबईला का जाऊ शकत नाही? प्रश्न लहान आहे. उत्तर मात्र आम्ही गेली काही वर्षे शोधतो आहोत.

पेण आणि रोहा यांच्या मधल्या पट्ट्यातील एका बौद्धवाडीत आम्ही एका हिवाळ्यात बैठकीसाठी गेलो होतो. विहाराच्या ओसरीवर बोलणे चालू असताना शेजारच्या घरातून खोकल्याचा आवाज येत होता. साधा खोकला नव्हे. एकामागून एक, श्वास घ्यायला उसंत नाही, आणि शेवटी घशातून ओढलेला लांब 'हुऽऽप'. नऊ-दहा वर्षांचा मुलगा खोकत होता आणि खोकून झाले की ओकत होता. त्याची आजी म्हणाली, "ह्याचं एवढं नाही हो भाऊ, हा मोठा आहे. धाकटा बघा. तो खोकतसुद्धा नाही धड. एकदोनदा खोकतो न मग गपच होतो. तोंड निळं पडतं." धाकटा अडीच महिन्यांचा होता. लसीचा पहिला डोस झालेला, दुसरा हुकलेला, कारण आई त्या दिवसांत माहेरी होती. बाप एका कारखान्यात कंत्राटी कामगार. तोही महिनाभर खोकत होता. त्याची थुंकी क्षयासाठी तपासून झाली होती, क्षय नाही असा कागद त्याच्याकडे होता. मग खोकला कशाचा? वाडीत कोणी म्हणे कंपनीच्या वायूचा, कोणी म्हणे थंडीचा, कोणी म्हणे बाहेरचे काही.

त्या बाळाला दोनदा आरोग्य केंद्रात नेले होते. दोन्ही चिठ्ठ्यांवर 'सर्दी-खोकला' एवढेच लिहिलेले. सोबत औषधाची बाटली. आम्ही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटलो. तरुण माणूस, बहुजन समाजातलाच, बाहेर साठ-सत्तर माणसे रांगेत. त्याने आम्हाला टाळले नाही, हे सांगितले पाहिजे. तो म्हणाला, "मला डांग्या खोकल्याचीच शंका आहे. पण शंका लिहिली की वरून विचारतात, पुरावा काय? आणि पुरावा मिळवायला नमुना पाठवू कुठे, कशात, कोणाबरोबर?" बाळाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात हलवले. ऑक्सिजन लागला, नऊ दिवस लागले, पण पोर जगले. घरी परत येताना हातात दिलेल्या कागदावर आजाराचे नाव होते न्यूमोनिया. डांग्या खोकल्याची तपासणी झालीच नाही. म्हणजे त्या घरात तीन माणसे आजारी पडली, एक मूल मरणाच्या दारातून परत आले, आणि सरकारच्या वहीत डांग्या खोकल्यासमोरचा आकडा होता तसाच राहिला. शून्य.

आमचे म्हणणे या शून्याबद्दल आहे.

डांग्या खोकला हा बोर्डेटेला पर्टुसिस नावाच्या जिवाणूचा रोग. संसर्ग झाल्यावर साधारण सात ते दहा दिवसांनी सर्दीसारखा सुरू होतो. पहिला आठवडा-दोन आठवडे कोणालाही तो पडशासारखाच वाटतो, आणि नेमका त्याच काळात तो सर्वांत जास्त पसरतो. घरातील लस न घेतलेल्या दहा माणसांपैकी आठ-नऊ जणांना तो गाठतो. मग खोकल्याच्या उबळी सुरू होतात, त्या चार-सहा आठवडे, कधी दहा आठवडे टिकतात. मोठ्या माणसाला तो केवळ न थांबणारा खोकला असतो. तो कामावर जातो, बाजारात जातो, एसटीत बसतो, घरी येऊन बाळाचा मुका घेतो. बाळ मात्र 'हुप' आवाज करीत नाही. तेवढा जोरच त्याच्यात नसतो. ते श्वास घ्यायचे थांबते. म्हणूनच या रोगाने मरतात ती बहुतेक सहा महिन्यांच्या आतली लेकरे, आणि त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया, झटके, जन्मतः अशक्त, असे काहीही लिहिता येते.

आता तपासणी. येथे थोडे तपशिलात गेले पाहिजे, कारण तपशील माहीत नसला की मागणी भोंगळ होते आणि भोंगळ मागणी साहेबांना फार आवडते. या रोगाच्या तीन तपासण्या आहेत आणि तिन्हींची वेळ वेगळी आहे. पहिली, जिवाणू वाढवून पाहण्याची. नाकपुडीतून बारीक, लवचिक काडी थेट घशाच्या मागच्या भागापर्यंत घालायची, काही क्षण तिथे धरायची आणि खास खाद्यावर टाकायची. ही काडी साध्या कापसाची चालत नाही. कापसातील चरबीची आम्ले या नाजूक जिवाणूला मारून टाकतात. त्या खाद्यात कोळशाची भुकटी घालतात, ती ही विषारी द्रव्ये शोषून घेते. (रायगडातील कातकरी बांधव ज्या कोळशाच्या भट्ट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबले, तोच कोळसा त्यांच्या लेकरांच्या रोगाचे निदान करायला लागतो! पण भट्टीपासून प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ता त्यांच्यासाठी कोणी बांधला नाही.) ही तपासणी पहिल्या दोन आठवड्यांत चांगली लागू पडते आणि निकालाला आठवडा, कधी जास्तही जातो. दुसरी तपासणी पीसीआर. हे नाव आता खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हिला जिवंत जिवाणू लागत नाही, त्याचे अंश पुरतात, म्हणून नमुना दूर न्यायला सोपा. निकाल एक-दोन दिवसांत. खोकला सुरू झाल्यापासून तीन, फार तर चार आठवड्यांपर्यंत ती उपयोगी. तिसरी रक्ताची तपासणी, जिवाणूच्या विषाविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्ये मोजण्याची. दोन-तीन आठवड्यांनंतर, म्हणजे पहिल्या दोन तपासण्यांची वेळ टळल्यावर ती कामाला येते. परंतु तान्ह्या बाळात ती फसवी ठरते, कारण त्याच्या अंगात आईकडून आलेली प्रतिद्रव्ये असतात. वर्षभरात लस घेतलेल्या मुलातही ती फसवते.

याचा अर्थ असा की, त्या घरात बाळासाठी पीसीआर हवी होती आणि बापासाठी रक्त तपासायला हवे होते. मोठ्या पोराचे काय? आजीला विचारले, खोकला कधीपासून? ती म्हणाली, "भात कापायला घेतलं तवापासून." आम्ही बोटांवर मोजले. पाच आठवडे होऊन गेले होते. त्याच्या नाकातून काढलेल्या नमुन्यात काहीच सापडले नसते, आणि 'निगेटिव्ह' असा कागद हातात देऊन त्याला घरी पाठवले गेले असते. चुकीच्या वेळी केलेली तपासणी न केलेल्या तपासणीपेक्षा घातक असते, कारण तिच्यावर शिक्का असतो. त्यातच अझिथ्रोमायसिनची गोळी. कोरोनाच्या दिवसांत ती घराघरात पोचली आणि आता साध्या पडशालाही लोक ती परस्पर घेतात. हेच डांग्या खोकल्याचे औषध. अर्धवट घेतली तर नमुन्यातला जिवाणू दिसेनासा होतो आणि निदान हुकते.

आणि साधी रक्तातील पेशींची मोजणी? ती तर आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. या रोगात तान्ह्या बाळाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी, त्यातही लिम्फोसाइट, कित्येकदा अफाट वाढतात. तो पुरावा नव्हे, पण इशारा आहे. निळे पडणाऱ्या बाळाच्या बाबतीत तो इशारा वेळेत वाचणारा माणूस हवा. महाराष्ट्रात २०१७ पासून महालॅब योजनेखाली सरकारी केंद्रांतून रक्ताचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळांत तपासले जाऊ लागले. रक्ताच्या नळ्या वाहून नेण्याची सवय या यंत्रणेला आहे.

कोणी म्हणेल, ही सारी श्रीमंत देशांची थेरं आहेत. तर मग इतिहास पाहू. हा जिवाणू १९०६ साली ब्रुसेल्समध्ये झ्यूल बोर्दे आणि ऑक्टाव्ह गांगू यांनी प्रथम वाढवून दाखवला. पण त्याची तपासणी गरिबांच्या दारात नेली ती दोन स्त्रियांनी. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या सरकारी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या पर्ल केन्ड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग. १९३२ नंतरचा काळ, जागतिक मंदी, ग्रँड रॅपिड्स शहरातील कारखाने बंद पडलेले. दिवसभराची नोकरी संपली की या दोघी कंदील घेऊन बेकार मजुरांच्या घरोघर जात आणि खोकणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर खाद्याची थाळी धरत. मूल थाळीवर खोकले की झाला नमुना. त्या थाळ्यांवरून रोग कोणाला आहे, किती दिवस पसरतो, हे कळले आणि त्यातूनच उपयोगी लस उभी राहिली. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत लोनी गॉर्डन ही कृष्णवर्णीय तरुणी आली. रसायनशास्त्र शिकलेली, पण गोरे स्वयंपाकी काळ्या बाईचे हुकूम ऐकणार नाहीत म्हणून तिला आहारतज्ज्ञाची नोकरी नाकारलेली. तिने हजारो थाळ्या तपासल्या, जिवाणू वाढवण्याच्या खाद्यात मेंढीचे रक्त वापरण्याचा मार्ग काढला आणि लसीसाठी योग्य तो जिवाणू हुडकून दिला. आज आपल्या बाळांना सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना जी लस टोचतात तिच्या मुळाशी नोकरी नाकारलेल्या या मुलीचे हात आहेत. आमच्या मुलींच्या पाठ्यपुस्तकात तिचे नाव नाही. असो.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. ऑक्सफर्डशायर परगण्यातील साध्या फॅमिली डॉक्टरांकडे दोन आठवड्यांहून जास्त खोकणारी ५ ते १६ वर्षांची १७२ मुले आली. त्यांचे रक्त तपासले तेव्हा ६४ मुलांना, म्हणजे शंभरातल्या सदतीस जणांना, नुकताच डांग्या खोकला होऊन गेल्याचे निघाले. ही माहिती २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. त्यांतल्या बहुसंख्य मुलांनी लस पुरी घेतलेली होती. म्हणजे जिथे सगळे समजत होते की हा रोग हद्दपार झाला, तिथे तो शाळेच्या बाकावर बसलेला होता. तपासले म्हणून दिसला. त्याच देशात नंतर शाळकरी मुलांसाठी हिरड्यांजवळची ओल टिपून घेणारी काडी टपालाने घरी पाठवण्याची सोय झाली. काडी तोंडात फिरवायची, नळीत घालायची, टपालाने परत. तरीही २०२४ मध्ये इंग्लंडात साथ आली. प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलेले सुमारे पंधरा हजार रुग्ण झाले आणि अकरा तान्ही बाळे गेली. अकरा बाळांचा आकडा त्या देशाला हलवून गेला, कारण तो आकडा त्यांच्यापाशी होता. आमच्याकडे किती गेली? वहीत पाहा. वहीत न्यूमोनिया आहे.

मोजणीचे राजकारण आमच्या वाचकांना नवे नाही. १९३२ साली मताधिकारासाठी नेमलेल्या लोथियन समितीपुढे प्रांतोप्रांतीचे सवर्ण पुढारी येऊन बेधडक सांगत होते की आमच्या प्रांतात अस्पृश्य नाहीतच, असले तर मूठभर आहेत. त्या समितीचे सभासद असलेल्या बाबासाहेबांना अस्पृश्यांचे अस्तित्वच आकड्यांनी सिद्ध करावे लागले, आणि त्यांनी आपली वेगळी टिपणी जोडली. जे मोजले जात नाही ते नाहीच, ही तेव्हाची चलाखी होती. आजची चलाखी तितकी जाणूनबुजून केलेली नसेलही. पण वाडीवरच्या आईला त्याने काय फरक पडतो?

फरक कुठे पडतो ते सांगतो. सहा आठवड्यांच्या आतल्या बाळाला लस देता येत नाही. त्याला वाचवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे गरोदर आईला लस देणे, म्हणजे तिची प्रतिद्रव्ये वारेतून बाळाला मिळतात. इंग्लंडने हे २०१२ पासून सुरू केले. आपल्याकडे सरकारी केंद्रात गरोदर बाईला मिळते ती धनुर्वात आणि घटसर्पाची लस. डांग्या खोकल्याचा भाग असलेली लस मुंबई-पुण्याच्या खाजगी दवाखान्यात पैसे मोजून मिळते. म्हणजे लस आहे, बाळ आहे, फक्त आई कोणत्या दवाखान्यात जाते यावर सारे ठरते. सरकारला विचारा, ही लस वाड्यांवर का नाही? उत्तर येईल, रोगाचा भार किती आहे याची आकडेवारी नाही. आकडेवारी का नाही? तपासणी नाही. तपासणी का नाही? रुग्ण नोंदले जात नाहीत म्हणून गरज दिसत नाही. ही गोल फिरणारी दोरी कुठे तरी तोडावी लागेल, आणि आमच्या मते ती नाकातल्या काडीपाशी तुटते.

याच महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. २०२२ साली गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली. झोपडपट्टीतील मुलांचे रक्त तपासले गेले, गोवर सिद्ध झाला, वर्तमानपत्रांत आकडे आले, आणि मग त्या वस्त्यांत लसीचे जादा डोस देण्याची मोहीम निघाली. साथीत लेकरे गेली, ते दुःख आहेच. पण आकडा होता म्हणून मंत्रालय हलले.

नमुना नेण्याची अडचण तर आम्हाला मुळीच पटत नाही. पोलिओच्या काळात काय होत होते? एखाद्या दुर्गम वाडीवर पंधरा वर्षांखालच्या मुलाचा पाय अचानक लुळा पडला की चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने त्याच्या शौचाचे दोन नमुने घेत. बर्फाच्या डब्यात घालून ते मुंबईच्या प्रयोगशाळेत पोचवत. पेणहूनही, रोह्याहूनही, पोलादपूरच्या डोंगरातूनही. अशा हजारो नमुन्यांच्या जोरावर २७ मार्च २०१४ रोजी भारताचा समावेश असलेला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. गरिबाच्या मुलाची शी जर बर्फात घालून मुंबईला नेता येते, तर त्याच्या नाकातला शेंबूड का नेता येत नाही? कोरोनात तर २०२० पासून तालुक्या-तालुक्यात घशातले नमुने घेणारी माणसे तयार झाली, नळ्या आल्या, खोकी आली, वाहने आली. गोव्यातील कंपनीने बनवलेले ट्रूनॅट यंत्र क्षयरोगासाठी आणि कोरोनासाठी खेडोपाडी गेले. क्षयरोग्यांची थुंकी टपाल खात्यामार्फत पाठवण्याचे प्रयोगही आपल्याच देशात झाले. अलिबागेत २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असल्याशिवाय वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यताच मिळत नाही. काय कमी आहे? या रोगासाठीचे रसायन, योग्य काडी, आणि नमुना कोणी, कधी, कोणाकडे द्यायचा याचा एक पानी हुकूम.

भोर समितीने १९४६ साली सांगितले होते की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये, आणि त्या अहवालातूनच प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना देशात आली. डोंगरी व आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक केंद्र, असा नियम आहे. पण निदानाशिवायचे केंद्र म्हणजे बाटल्या वाटायचे दुकान. या बाटल्यांचा इतिहासही विसरू नये. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने चौदा रुग्ण गेले आणि लेंटिन आयोग बसला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधातील तशाच विषाने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली, किती तरी लेकरे गेली. खोकला कशाचा आहे हे न पाहता बाटली देण्याच्या सवयीचीही ती किंमत होती. डांग्या खोकल्यावर तर कोणतीच खोकल्याची बाटली चालत नाही.

आता थोडे आपल्याच घराकडे. आमच्या वाड्यांतून आजही खोकणाऱ्या लेकराच्या गळ्यात ताईत दिसतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात दिसतो. लसीने ताप येतो म्हणून दुसरा डोस टाळणाऱ्या आया आहेत आणि त्यांना समजावण्याऐवजी मान डोलावणारे कार्यकर्ते आहेत. ज्या बाबासाहेबांनी आणि माता रमाईंनी पाचांतली चार लेकरे गमावली, त्यांची जयंती आम्ही डीजे लावून करतो. त्या वर्गणीच्या दहाव्या हिश्श्यात तालुक्याची काड्यांची सोय झाली असती. पण वर्गणीतून काड्या घ्या असे आम्ही सुचवत नाही. ते सरकारचे काम आहे. संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक ठरवले आहे. आम्ही वर्गणीतून ते उरकले तर सरकार सुटते.

एक भीतीही बोलून दाखवतो. तपासणी झाली आणि कातकरवाडीत रोग निघाला, की 'हेच लोक रोग आणतात' असे म्हणणारे पुढे येतील. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणारी आणि पावसाच्या तोंडावर परतणारी ही कुटुंबे. त्यांचे लसीचे डोस हुकतात, कारण लस वाडीवर येते तेव्हा ती भट्टीवर असतात. दोष वेळापत्रकाचा आणि शिक्का माणसावर! १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारी सोजीर पुण्यात घराघरात घुसले, तेव्हा तपासणी म्हणजे काय दहशत असू शकते ते लोकांनी पाहिले. पण त्याच प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या दवाखान्यात नेले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. तपासणी कोण करतो, कशासाठी करतो, यावर सारे अवलंबून आहे. म्हणून नमुना घेतल्यावर त्या घराला औषध, शेजारच्या तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायांना प्रतिबंधक गोळ्या, हुकलेल्या लसीचे डोस, हे तपासणीबरोबरच आले पाहिजे. नुसता निकाल नको.

आणि उपचार निकालासाठी अडवू नयेत, हेही ठासून सांगितले पाहिजे. निळे पडणारे बाळ आले की आधी औषध आणि ऑक्सिजनची सोय, नमुना त्याच वेळी, निकाल मागाहून. तीन आठवडे उलटल्यावर औषधाने खोकला लवकर बरा होत नाही, म्हणून शंका येताच हालचाल हवी. प्रत्येक शिंकणाऱ्याचे नाक तपासा, असे आम्ही म्हणत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, सोबत उबळ, ओकारी किंवा 'हुप', अशांचे तपासा. वर्षाच्या आतल्या बाळात दोन आठवड्यांची वाट न बघता तपासा. क्षयाची तपासणी निगेटिव्ह आलेल्या खोकणाऱ्याच्या घरात तान्हे मूल आहे का, एवढा एक प्रश्न विचारा. आशा ताईला हे शिकवायला अर्धा दिवस लागेल.

पेण आणि रोहा तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत यावर ठराव घ्यावेत आणि त्यांच्या प्रती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना रीतसर पोच घेऊन द्याव्यात. दोन्ही तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत या काड्या आणि नळ्या आहेत का, गेल्या वर्षी या रोगासाठी किती नमुने पाठवले, निकाल किती दिवसांत आले, एवढे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारावेत. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने अर्ज केला तर तेही नाही.

तोवर एक काम आजच होण्याजोगे आहे. विहारात उपस्थितीची वही असते, वर्गणीची असते. तिच्या शेजारी आणखी एक ठेवा. वाडीत कोणाला खोकला लागला की नाव, वय, आणि खोकला कोणत्या तारखेला सुरू झाला ते लिहा. भातकापणीपासून, होळीच्या आधी, असे नको. तारीख हवी. डॉक्टरने कोणती तपासणी करायची हे त्या तारखेवर ठरते. त्या बौद्धवाडीत ही वही आम्ही त्याच दिवशी सुरू करून आलो. पहिले नाव त्या आजीने सांगितले, आणि ते तिचे स्वतःचे होते. तिलाही चार दिवसांपासून खोकला होता.